जुनं ते भाड्यानं

मी जुन्नरच्या शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला. त्या एकतीस वर्षांत जुन्या गोष्टींबद्दल माझा सल्ला घ्यायला कोणी घरी आल्याचं मला आठवत नाही. मुलं परीक्षेपुरतं विचारत, पालक मार्कांपुरतं, आणि आमची ही तर मुळीच विचारत नसे. तिच्या मते घरात जुनी म्हणून जी काही एक गोष्ट उरली आहे ती मीच. त्यामुळे पुतणीच्या लग्नाची बोलणी चालू असताना माजघरातून "काकांना विचारा की, त्यांना जुन्यातलं कळतं," असं कानावर आलं, तेव्हा मी चष्मा पुसला, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि बैठकीत जाऊन बसलो.

बैठक मंचरला थोरल्या बंधूंच्या घरी होती. त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मीही म्हणतो. समोर डेकोरेटर बसला होता. मला पाहताच तो ताडकन उठला आणि पाया पडला. म्हटलं, विद्यार्थी दिसतोय. खिडकीजवळचा शेवटचा बाक. 'सातवाहन म्हणजे कोण?' ह्या प्रश्नाला 'ज्यांच्याकडे सात वाहने असत ते' असं उत्तर लिहून ह्यानं मला शिक्षकांच्या खोलीत आठवडाभर पुरेल एवढं हसू दिलं होतं. आता त्याच्याकडे तीन टेम्पो आणि एक मोटार होती. म्हणजे निम्म्याहून जास्त सातवाहन तो झालाच होता. मी मात्र अजून एस्टीनं हिंडतो.

"सर, थीम विंटेज आहे," तो म्हणाला.

"म्हणजे काय रे?"

"म्हणजे जुन्या काळासारखं, सर. पण नवीन."

एवढी नेमकी व्याख्या मलाही जमली नसती. मग त्यानं चित्रं दाखवली. एक गंजलेली सायकल, तिच्या पुढच्या टोपलीत फुलं. एक पत्र्याची ट्रंक, उघडी, आत फुलं. कंदिलात फुलं. शिवणयंत्रावर फुलं. ग्रामोफोनच्या कर्ण्यात फुलं. भला मोठा रेडिओ, त्यात काही फुलं घालता येत नाहीत म्हणून वरून सोडलेली. आमच्या माळ्यावरचा पसारा कोणीतरी अंगणात मांडून त्याच्यावर परडी उपडी केल्यासारखं दिसत होतं. फरक इतकाच, की माळा झाडायला आम्हाला गड्याला पैसे द्यावे लागत आणि इथं पसारा मांडायला द्यायचे होते.

विंटेज हा शब्द मुळात द्राक्षांचा, हे मी तिथल्या तिथं सांगून टाकलं. (मास्तरकी सुटत नाही.) द्राक्षांची तोडणी, आणि त्या वर्षीच्या द्राक्षांची वाईन. त्यावरून मग जुनं आणि मुरलेलं असं जे काही असेल ते विंटेज. तसा हा शब्द आमच्याकडे अगदीच पाहुणा नाही. नारायणगावच्या बाजूला द्राक्षांचे मळे आहेत, आणि १९८०च्या दशकात तिथं फेसाळती वाईन करण्याचा कारखानाही निघाला होता. ही माहिती ऐकून अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी रुखवतात बाटल्या मांडायला सांगतो आहे.

आता जुन्या काळचं लग्न म्हणजे नेमकं कुठल्या काळचं, हा इतिहासाचा प्रश्न आहे. माझं लग्न १९७९ साली झालं. मांडवाला कळकाचे खांब, वर पालं, दाराशी केळीचे दोन खुंट, आंब्याच्या टहाळ्यांचं तोरण, रंगीत कागदाच्या पताका आणि वीज गेली तर असावी म्हणून गॅसबत्ती. वीज गेली. लग्नाच्या एकुलत्या एका फोटोत आमच्या दोघांच्या चेहऱ्यांवर जो भाव आहे त्याला लोक लज्जा समजतात. ती गॅसबत्तीची फरफर आहे. त्यानंतर थर्माकोलचं युग आलं. पाठीमागच्या पडद्यावर नवरा-नवरीची नावं, त्यांच्या मध्ये बदाम, दोन्ही बाजूंना मोर, आणि सगळ्यावर चमचम. ही चमचम जेवणाच्या पंगतीपर्यंत पोचे आणि जिलबीवर बसे. पुढं लाल मखमलीच्या सिंहासनांचं राज्य झालं. ज्याच्या शेताला रस्ता नाही असा माणूससुद्धा दोन तासांपुरता छत्रपती होऊ लागला. २०१८ साली महाराष्ट्र सरकारनं प्लॅस्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आणली आणि मोर गेले. त्यांच्या जागी आता आमचा माळा आला होता.

"बाकी काय वाट्टेल ते कर," अण्णा डेकोरेटरला म्हणाले, "पण फुलं आपली पाहिजेत. पारंपरिक. झेंडू."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. आमच्या हिनं दारातून डोळ्यांनी तसं सुचवलंही. पण मी म्हणालो, "अण्णा, झेंडू मेक्सिकोचा."

बैठकीत शांतता पसरली. अण्णांचा दोन एकर झेंडू आहे. वडिलांच्या वेळेपासून आहे. दसऱ्याला त्यांच्या झेंडूचं तोरण लागतं, खंडोबाला त्यांच्या झेंडूची माळ चढते. आणि धाकटा भाऊ भर बैठकीत त्याला परदेशी ठरवतो! पण काय करणार? झेंडू अमेरिका खंडातला. पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर सोळाव्या शतकाच्या सुमारास इकडं आला असं मानतात. तिकडच्या लोकांचाही तो देवाधर्माचाच होता. एवढा प्रवास करून आला आणि आल्याआल्या पुन्हा देवळातच जाऊन बसला. इंग्रज ह्याच झेंडूला आफ्रिकन म्हणतात. म्हणजे ह्याच्या गावाचा पत्ता लागू नये अशी सगळ्यांनी मिळून व्यवस्था केली आहे.

"मग निशिगंध घेऊ," अण्णा म्हणाले.

"तोही मेक्सिकोचा."

"शेवंती?"

"चीन."

"आणि हे जरबेरा?" डेकोरेटरनं उत्साहानं विचारलं. त्याला आता हा खेळ वाटू लागला होता.

"दक्षिण आफ्रिका."

अस्सल आपलं म्हणावं असं मोगरा, जाई, सोनचाफा, कमळ. पण ह्यांतलं एकही उन्हाळ्याच्या मुहूर्तावर कमानीला टांगलं, तर सप्तपदी होईपर्यंत मान टाकतं. परका झेंडू मात्र वऱ्हाड जाऊन, मांडव सुटून, दुसऱ्या दिवशी सत्यनारायणाला पुन्हा वापरला तरी तसाच टवटवीत असतो. त्याला आपला केला तो पोर्तुगीजांनी नाही, त्याच्या ह्या अंगच्या गुणानं.

अण्णा दुखावले होते. त्यांची समजूत काढायला मी जुन्नर पुढं केलं. जुन्नर म्हणजे परक्यांना सामावून घेणारं गाव. नाणेघाट चढून आलेला व्यापारी इथं टेकायचा, काही जण कायमचे राहायचे. शिवनेरीच्या लेण्यांत चिट नावाच्या यवनाचा लेख आहे. यवन म्हणजे ग्रीक, किंवा त्या बाजूचा कोणी. ह्या गृहस्थानं भिक्षूंच्या संघाला काय दिलं असेल? भोजनमंडप! तोच शब्द आहे तिथं, प्राकृतात, दगडात कोरलेला. अठराशे वर्षांपूर्वीच्या आसपास एक परदेशी माणूस आमच्या गावात मांडव घालून पंगतीची सोय करत होता. दुसऱ्या एका लेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दिल्याची नोंद आहे. सात खोल्या, पाण्याची सोय आणि भोजनमंडप. हमरस्त्यावरच्या ज्या कार्यालयाला अण्णांनी विसार दिला होता, त्यात वरपक्षाला खोल्या दोनच होत्या, आणि पाण्याचं टाकं आहे की नाही हे लग्नाच्या दिवशीच कळणार होतं.

"सर, हे परीक्षेला का नव्हतं?" डेकोरेटरनं विचारलं.

"होतं. तू नव्हतास."

शेवटी झेंडूच ठरला. मात्र तो अण्णांच्या शेतातला नव्हे. ह्यातला हिशोब मला अजून उलगडलेला नाही. अण्णांचा माल संध्याकाळी क्रेटमध्ये भरून रात्रीच्या टेम्पोनं दादरच्या फूलबाजारात जातो. डेकोरेटर आपली फुलं पुण्याला गुलटेकडीच्या बाजारातून आणतो, कारण तिथं झेंडूबरोबर जरबेरा, ऑर्किड सगळं एका जागी मिळतं आणि उधारीचं खातं आहे. म्हणजे मंचरचा झेंडू मुंबईला, आणि मंचरच्या लग्नाला पुण्याचा झेंडू. तो तरी पुण्याला आला कुठून, तर आमच्याच बाजूच्या कोणाच्या तरी वावरातून. अण्णा म्हणाले, "घरचा घालू की." डेकोरेटर म्हणाला, "अण्णा, मग बिल कसं करायचं?" ह्यावर दोघंही विचारात पडले, आणि विचारांती तो पुण्याहूनच आला.

मग तो म्हणाला, "आणि सर, ह्याच्याबरोबर पितळ आणि बांबूचा एक सेट आहे. घंगाळं, हंडे, दुरड्या, सुपं. घंगाळात पाणी, त्यात फुलं आणि तरंगते दिवे. फार चालतो हा सेट."

घंगाळ म्हटल्यावर मी थोडा गप्प झालो.

जुन्नरच्या लेण्यांत आणखी एक लेख आहे. मी तो दर वर्षी वर्गात सांगत असे. त्यात दोन श्रेणींची नावं येतात. एक वंसकारांची, म्हणजे आपल्या बुरुडांची, आणि एक कासाकारांची, म्हणजे कासारांची. लेख त्रोटक आहे. पण त्याचा अर्थ असा लावतात, की धर्मकार्यासाठी ह्या श्रेणींकडे रक्कम ठेवली होती. बुरुडांकडून दरमहा पावणेदोन यायचे आणि कासारांकडून पाव. बुरूड आणि कासार त्या काळी आमची बँक होते! सूप विणणाऱ्याच्या आणि भांडी घडवणाऱ्याच्या शब्दावर लोक पैसे ठेवत. ह्याच लेण्यांत आदुथुम नावाच्या एका शकानं करंज आणि वड लावण्यासाठी जमीन लावून दिल्याचाही लेख आहे, पण तो राहू द्या. मी हे पावणेदोन आणि पाव इतक्या रंगून सांगायचो, की पोरांना वाटे मी त्या बँकेचा खातेदार आहे.

आणि ज्या आठवड्यात मी हे एकदा असं शिकवलं, त्याच आठवड्यात, १९८६ साली दिवाळीच्या आधी, मी आमच्या आईचं घंगाळ मोडीत घातलं.

एकटं घंगाळ नव्हे. दोन हंडे, बंब, तपेलं आणि एक परात. कल्हईवाला यायचा बंद झाला होता. घासायला बाई मिळत नव्हती. न्हाणीघरात प्लॅस्टिकची बादली आली होती आणि स्वयंपाकघरात स्टील. सगळ्यांच्याच घरी हे चाललं होतं, त्यात मी काही जगावेगळं केलं नाही. भांड्यांच्या बदल्यात कुकर आला आणि वर थोडे पैसे. काट्यावर घंगाळ चढवताना आई ओसरीवर उभी होती. ते तिला लग्नात तिच्या भावानं दिलेलं. काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी तिचं नाव, गाव आणि सन घातलेला. ती एवढंच म्हणाली, "नाव आहे रे त्याच्यावर."

मी म्हणालो, "नावाला काय करायचंय?"

त्यानंतर ती त्या विषयावर कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तेव्हा डेकोरेटरला मी म्हणालो, "सामान आधी पाहून घ्यावं म्हणतो. अस्सल आहे की नाही ते." अण्णांना माझी ही तळमळ पाहून भरून आलं.

त्याचं गोदाम नारायणगावजवळ एका कांद्याच्या वखारीत होतं. वास अजून कांद्याचाच येत होता, त्यामुळे माझे डोळे का चुरचुरले ह्याची चौकशी कोणी केली नाही. भिंतीशी ओळीनं चाळीस-पन्नास भांडी. भंगारवाल्यांकडून किलोच्या भावानं जमवलेली. मी एकेक उजेडात नेऊन फिरवून पाहू लागलो. आयुष्यभर दुसऱ्यांनी वाचलेले शिलालेख शिकवले, पहिल्यांदाच स्वतः वाचत होतो. ओतूर. बेल्हे. घोडेगाव. आळे. कोणाला मामाकडून, कोणाला वडिलांकडून, कोणाला नुसतंच 'भेट'. काहींवर शक होता, काहींवर इसवी सन. आमच्या दोन तालुक्यांतल्या बायकांची ती मतदारयादीच होती म्हणा, फक्त त्यातलं मत कोणी विचारलेलं नव्हतं.

सगळी भांडी काळपट होती. "घासत का नाहीस रे?" मी विचारलं.

"मुद्दाम केलंय सर. केमिकल लावून. त्याला अँटिक फिनिश म्हणतात. घासलं तर नवं दिसतं. नवं कोण भाड्यानं घेईल?"

आमचं घंगाळ त्यात नव्हतं. असणार तरी कसं? ते १९८६ सालीच वितळून त्याचे नळ झाले असतील. मी उठणार तेवढ्यात शेवटच्या एका घंगाळावर गावाचं नाव दिसलं: आंबेगाव. सन १९५९.

बाहेरच्या वाचकाला ह्यात विशेष वाटणार नाही. आंबेगाव हा आमचा शेजारचा तालुका, मंचर त्याच तालुक्यातलं. पण ज्या गावावरून तालुक्याचं नाव पडलं ते आंबेगाव आता नाही. घोड नदीवर डिंभ्याला धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. कचेरी घोडेगावात आहे, बाजार मंचरला आहे, पाट्यांवर, दाखल्यांवर, सात-बाऱ्यावर सगळीकडे 'तालुका आंबेगाव' आहे, आणि आंबेगाव जलाशयात. त्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. ते ह्याच तालुक्यातले, म्हाळुंगे पडवळचे; विलायती कापडाची मोटार अडवताना १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत चिरडले गेले. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की जुन्या गावाच्या खुणा वर येतात, लोक बघून येतात, आणि पावसाळ्यात त्या पुन्हा बुडतात. घंगाळ मात्र बुडालं नव्हतं. ते कोणीतरी डोक्यावर घेऊन चढावर आणलं असणार. नंतर पुन्हा कधी तरी विकलं असणार. त्याबद्दल मी काय बोलावं?

"हे एक नक्की आण," एवढंच मी म्हणालो.

लग्नाच्या दिवशी सगळं त्या चित्रातल्यासारखंच झालं होतं. सायकल होती, ट्रंक होती, कर्णा होता. आमच्या व्याह्यांच्या एका पाहुण्यानं रेडिओवर बातम्या लागतात का म्हणून कान पिळून पाहिला आणि बटण हातात आलं. पितळी सेट जेवणाच्या दाराशी मांडला होता, बारा नग, पाण्यात जरबेरा आणि दिवे.

जेवणं झाल्यावर पाहतो तर नवऱ्या मुलाची आजी तिथं खुर्ची ओढून बसली होती. नऊवारी लुगडं, वय पंच्याऐंशीच्या घरात. तिनं घंगाळातली फुलं काढून शेजारच्या ट्रंकेत ठेवली होती, दिवा विझवला होता आणि काठावर बोट फिरवत होती.

"मास्तर, ह्याच्यावर काय लिवलंय वं?"

मी वाचून दाखवलं. नाव, गाव, सन.

ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "ही आमच्या वरच्या आळीची. माझ्यामागनं दोन वर्सानं आली लगीन होऊन. पाण्याला संगं जायचो. तिचा भाऊ लई लांबनं हे घंगाळ घिऊन आला व्हता, त्याला आळीतल्या समद्यांनी हात लावून बघितलं." धरण झालं तेव्हा ही खाली पूर्वेकडं आली, ती दुसरीकडं गेली. पुन्हा गाठ नाही.

मग तिनं पुन्हा घंगाळाकडे पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "काय अवदसा केलीय ह्याची!" जवळच्या टेबलावर उष्ट्या ताटांचा ढीग होता. तिनं त्यातल्या लिंबाच्या फोडी वेचल्या, वर चिमूटभर मीठ टाकलं आणि घासायला बसली. कोपरापासून हात चालत होता. ठिपके एकेक करून उजळू लागले; आधी नाव, मग गाव.

डेकोरेटर धावत आला. "अहो आजी! आजी, ते मुद्दाम काळं केलंय!"

"मुद्दाम भांडं कोण काळं करतं व्हय रं?" ती मान वर न करता म्हणाली. "जा, आनखी चार फोडी आन."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याचा सर होतो. मी जाऊन फोडी आणल्या. मग मला बसून राहवेना, तेव्हा मीही एक हंडा पुढ्यात घेतला. आमची ही लांबून पाहत होती. लग्नाला सेहेचाळीस वर्षं होत आली, त्यात मला भांडं घासताना तिनं प्रथमच पाहिलं असेल. वऱ्हाडातल्या दोन बायका सहज येऊन बसल्या. वीडिओवाल्याला हा एखादा विधी वाटला आणि त्यानं दिवा लावून चित्रण केलं.

चौथ्या दिवशी अण्णांकडे बिल आलं. खाली एक ओळ वेगळ्या शाईत होती: 'अँटिक फिनिश खराब, ५ नग.' अण्णांनी मला फोन करून विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, ते माझ्याकडं लागलं. पैसे द्यायला मी स्वतः नारायणगावला गेलो, आणि हळूच विचारलं, "अरे, ते आंबेगावचं घंगाळ विकतोस का? एका माणसाकडे पोचवायचंय."

त्यानं वही उघडून पाहिलं. "विकलं असतं सर," तो म्हणाला, "पण गुरुवारी ते ओतूरला लागलंय. पार्टीनं फोटो पाहिला. म्हणाले, ते नाव दिसतंय ना, तेच पाहिजे."